सोळा बाय बाराचा डेक आणि अकरा महिने

ऑक्टोबर २०२२ मधली सकाळ. थंडी पडायला लागली म्हणून तुळशीची कुंडी आत घ्यायला मागच्या डेकवर, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्यावर, गेले आणि उजवा पाय फळीतून घोट्यापर्यंत खाली गेला. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, तुळसही वाचली. पण मे महिन्यात आई-बाबा कराडहून सहा महिन्यांसाठी येणार होते. बाबांना सकाळचा चहा उघड्यावर बसून प्यायची सवय आहे. हा डेक तोवर बदलायलाच हवा, असं आम्ही दोघांनी त्याच दिवशी ठरवलं.

आमचं घर मध्य न्यूजर्सीत आहे, १९७८ सालचं, पाऊण हजार नव्हे तर साडेसात हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर. (नवऱ्याने घर घेताना कागदावरचा आकडा वाचायला चूक केली होती, त्यावरून घरात अजून थट्टा चालते.) लाकडी डेक बांधायला असा किती वेळ लागणार? दोन शनिवार-रविवार, फार तर तीन. प्रत्यक्षात शेवटचा कागद हातात पडला तो १५ सप्टेंबर २०२३ला. हे सगळं लिहून ठेवतेय, कारण सुरुवातीला मला हवी होती ती माहिती तुकड्यातुकड्यांत सापडत गेली, आणि तीही बहुतेक वेळा चूक झाल्यावर.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन कंत्राटदार बघून गेले. पहिल्याने १३,४०० डॉलर सांगितले, दुसऱ्याने १२,१००. तिसरा फार गोड बोलला. म्हणाला, साडेदहा हजारांत करून देतो, परमिटच्या फंदात पडू नका, मागच्या अंगणात कोण बघायला येतंय? मी त्याला नोंदणी क्रमांक विचारला. न्यूजर्सीत घरदुरुस्तीची कामं घेणाऱ्याला राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणी करावी लागते, तो क्रमांक १३व्हीएच अशा अक्षरांनी सुरू होतो आणि ऑनलाइन तपासता येतो. ‘पाठवतो’ म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

परमिटशिवाय करायचा मोह आम्हाला झाला नाही असं म्हणणार नाही. दोन रात्री त्यावरच बोलणं चाललं होतं. पण एका मैत्रिणीचं घर विकताना काय झालं ते डोळ्यांसमोर होतं. घर घेणाऱ्याच्या वकिलाने तळघराचं परमिट मागितलं, ते नव्हतं, आणि क्लोजिंग, म्हणजे विक्रीचा शेवटचा व्यवहार, पाच आठवडे लांबलं. आणि आणखी एक गोष्ट वाचनात आली. २९ जून २००३ला शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका पार्टीच्या वेळी लाकडी पोर्च कोसळून १३ जण गेले. आमच्याकडे दरवर्षी गणपतीला चाळीसेक माणसं येतात. आरती झाली की निम्मी प्रसादाची ताटली घेऊन डेकवर.

बारा-तेरा हजार परवडणारे नव्हते, म्हणून काम स्वतः करायचं ठरलं. नवऱ्याला सुतारकामाची हौस आहे. मला नाही, पण कागदपत्रांची आहे. स्वतःच्या राहत्या एककुटुंबी घराचे नकाशे मालकाला स्वतः काढता येतात आणि कामही स्वतः करता येतं, तसं एका प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. हे कळल्यावर धीर आला.

इथे एक घोळ आधीच निस्तरते, कारण माझा महिनाभर तो सुटत नव्हता. परवानग्या दोन असतात. झोनिंगची परवानगी सांगते की तुमच्या जागेत हे बांधता येईल का, हद्दीपासून किती लांब, एकूण किती जागा झाकून. हे नियम प्रत्येक टाउनशिपचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, वेगळे. बांधकामाचं परमिट सांगतं की ते कसं बांधायचं, आणि तो कोड सगळ्या राज्याला एकच आहे. म्हणून शेजारच्या टाउनशिपमधल्या मित्राने सांगितलेलं झोनिंग तुमच्या कामाचं नाही, पण त्याने सांगितलेला खांबांचा तपशील मात्र कामाचा. आधी झोनिंग, मग बांधकाम. उलटं केलं तर खिडकीवरूनच परत पाठवतात. सोसायटी म्हणजे एचओए असेल तर तिची मंजुरी याच्याही आधी. आमच्याकडे एचओए नाही, त्याबद्दल देवाचे आभार.

पहिला कागद मी ६ फेब्रुवारी २०२३ला टाकला. तो परवानगीचा नव्हता, ओप्राचा होता. ओप्रा म्हणजे इथला माहिती अधिकार समजा. टाउनशिपच्या क्लार्ककडे अर्ज करायचा, सात कामकाजी दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक असतं. मी आमच्या पत्त्यावरची सगळी जुनी परमिटं आणि असेल तर सर्व्हे, म्हणजे प्लॉटच्या मोजणीचा नकाशा, मागितला. १४ तारखेला ईमेल आला. त्यात पाणी तापवायच्या टाकीचं एक परमिट होतं, छपराचं एक होतं. डेकचं नव्हतं आणि मागच्या कोपऱ्यातल्या शेडचंही नव्हतं. म्हणजे ज्या डेकवर आम्ही सहा वर्षं माणसं उभी केली, तो कुणीही कधीही तपासलेला नव्हता. घर घेण्याआधीच हा अर्ज करायला हवा होता. फुकटात होतो.

६ मार्चला झोनिंगचा अर्ज दिला. फी ६० डॉलर. सोबत सर्व्हेची प्रत जोडून त्यावर लाल पेनने डेक काढला, १६ बाय १४ फूट. झोनिंग अधिकाऱ्याला दहा कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आमचा पाचव्याच दिवशी आला. नकार, तीन कारणांसह.

पहिलं कारण वाचून मी हसले आणि मग रडकुंडीला आले. मी सर्व्हेची पीडीएफ घरच्या प्रिंटरवर ‘पानात बसवा’ हा पर्याय ठेवून छापली होती. नकाशा किंचित लहान झाला, त्यामुळे १ इंच म्हणजे २० फूट हे प्रमाण बिघडलं. त्यांनी पट्टी लावून बघितलं होतं. तेव्हा छापताना १०० टक्के निवडा आणि एक लांबी स्वतः पट्टीने मोजून बघा.

दुसरं कारण जास्त जागा झाकल्याचं. आमच्या झोनमध्ये प्लॉटच्या ३० टक्के जागाच झाकता येते, आणि आमच्या टाउनशिपमध्ये डेक त्यात धरतात. (काही ठिकाणी फळ्यांमधून पाणी खाली जातं म्हणून धरत नाहीत. विचारून घ्या.) ७,५०० चे ३० टक्के म्हणजे २,२५०. घर १,१२०, ड्राइव्ह-वे ४८०, पुढची पायवाट १२०, शेड १२०, फरशीचा पॅटिओ २००. बेरीज २,०४०. उरले २१०, आणि आम्ही मागत होतो २२४. चौदा चौरस फुटांसाठी नकार!

काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं की हवं तर व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागा. त्यासाठी झोनिंग बोर्डापुढे सुनावणी, २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना किमान दहा दिवस आधी नोटीस, वर्तमानपत्रात जाहिरात, आणि बोर्डाच्या इंजिनिअरच्या खर्चापोटी आगाऊ रक्कम. मी घरी येऊन कागदावर १४ खोडलं आणि १२ लिहिलं. सोळा बाय बारा म्हणजे १९२. एकूण २,२३२. दोन फुटांनी चहा कमी गोड लागत नाही.

तिसरं कारण शेडचं. सर्व्हे २००९ चा, त्यात शेड नाही. विमानातून घेतलेल्या फोटोत मात्र दिसते. शेड मागच्या हद्दीपासून ३ फुटांवर होती, नियम ५ फुटांचा. खरं तर २०० चौरस फुटांपर्यंतच्या छोट्या बागशेडला बांधकामाचं परमिट लागत नाही, पण म्हणून झोनिंग सुटत नाही, हे मला तेव्हा कळलं. ‘शेड आधीच्या मालकाची आहे,’ मी म्हणाले. ‘आता तुमची आहे,’ त्या शांतपणे म्हणाल्या. बोलण्यात काही कडवटपणा नव्हता. पुढे सहा महिने याच बाईंनी मला सर्वांत जास्त मदत केली.

पाडव्याच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर बाबांना हे सांगितलं. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. माझी तक्रार ऐकून त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘शेड रिकामी केली का?’ मग जावयाला सांगितलं, ‘जावईबापू, खालून जॅक लावा, चार पाइप घाला, आणि सरकवा. मागचा पाइप निघाला की पुढे आणून घालायचा.’ २५ मार्चला ढोल-ताशा पथकातले पाच मित्र आले. पीव्हीसीचे जाड पाइप, दोन जॅक, पोहे, आणि बाबा फोनच्या पडद्यावर. अडीच तासांत शेड दोन फूट दोन इंच पुढे आली. वरचे दोन इंच बाबांच्या आग्रहाखातर. ‘मोजणारा माणूस नेहमी आपल्या विरुद्ध टोकाला टेप धरतो,’ हे त्यांचं खात्यातलं ज्ञान.

२७ मार्चला अर्ज पुन्हा दिला, शेडचा वेगळा, ४० डॉलर. ६ एप्रिलला दोन्ही मंजूर.

बांधकामाचा अर्ज १७ एप्रिलला. एफ-१०० नावाचा जाड कागदाचा फोल्डर असतो, त्याला सगळे ‘जॅकेट’ म्हणतात. त्यात एफ-११० हा इमारतीच्या भागाचा फॉर्म, झोनिंगची मंजुरी, प्रतिज्ञापत्र आणि नकाशांच्या दोन प्रती. नकाशे मी आलेखाच्या कागदावर काढले. वरून दिसणारा, बाजूने दिसणारा आणि जोडांचे तपशील. अमेरिकन वुड कौन्सिलचं लाकडी डेकवरचं मार्गदर्शक इंटरनेटवर फुकट मिळतं, त्यातल्या आकृत्या समजायला मला तीन आठवडे लागले, पण सगळं त्यातच आहे.

नियमाप्रमाणे तपासणीला वीस कामकाजी दिवस. हे वीस दिवस फार वाईट जातात. मंजुरीआधी काही करता येत नाही आणि लाकडाचे भाव रोज बघितले जातात. अठराव्या दिवशी, ११ मे रोजी पत्र आलं. पुन्हा शेरे.

एक, लेजर बोर्ड घराला कशाने आणि किती अंतरावर जोडणार ते दाखवा. लेजर म्हणजे घराच्या भिंतीला आडवी लागणारी जाड फळी, अर्धा डेक तिच्यावर टांगलेला असतो. दोन, कठड्याचे खांब कसे पक्के करणार ते दाखवा. तीन, पाया लहान आहे.

२० मेला आई-बाबा आले. जेट लॅगमुळे पहाटे तीनला उठून बसलेले बाबा मला स्वयंपाकघरात सापडले, समोर माझे नकाशे. ‘अगं, हा माणूस बरोबर बोलतोय,’ ते म्हणाले. मग त्यांनी मला ते गणित समजावलं, ते इथे देते, कारण कुठल्याही डेकला तेच लागतं. मधल्या खांबाच्या वाट्याला येणारा भाग साधारण ८ बाय ७ फूट, म्हणजे ५६ चौरस फूट. दर चौरस फुटाला माणसांचं आणि सामानाचं ४० पौंड वजन धरायचं, हा कोडचा आकडा, आणि लाकडाचं स्वतःचं १०. एकूण २,८०० पौंड. माती तपासलेली नसेल तर दर चौरस फुटाला १,५०० पौंड पेलेल असं धरतात. म्हणजे पायाचा तळ किमान १.८७ चौरस फूट हवा. मी दाखवलेला १२ इंच व्यासाचा गोल पाऊण चौरस फुटाच्या जरासाच वर भरतो. ‘निम्म्याहून कमी. मी असतो तर मीही परत पाठवला असता.’ आम्ही तळ २० इंचांचा केला, वर १२ इंची नळकांडं. बाबा खुशीत होते. ‘इकडे पाउंड-इंचात करायला लावतात, बाकी सगळं तेच.’

२२ मेला सुधारित नकाशे दिले. लेजरला अर्धा इंच जाडीचे लॅग स्क्रू दर १५ इंचांवर, वर-खाली आलटून पालटून. ५ जूनला फोन आला, परमिट तयार आहे, २१२ डॉलर भरून घेऊन जा. परमिटचं कार्ड रस्त्यावरून दिसेल असं खिडकीत लावायचं. आईने त्याच्या शेजारी स्वस्तिक काढलं, ते मी काढू दिलं.

खणायच्या आधी ८११. हा फोन फुकट आहे आणि कायद्याने सक्तीचा. तीन कामकाजी दिवस आधी कळवायचं, मग कंपन्यांची माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंग मारून आणि झेंडे लावून जातात. पिवळा गॅस, लाल वीज, नारिंगी टेलिफोन-केबल, निळा पाणी, हिरवा मैलापाणी. आमच्या तिसऱ्या खड्ड्यापासून दीड फुटावर नारिंगी रेघ निघाली. खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन फुटांपर्यंत यंत्र लावायचं नाही, हाताने खणायचं. एक लक्षात ठेवा, तुमच्या स्वतःच्या वाहिन्या, म्हणजे बागेच्या पाण्याचे पाइप किंवा ग्रिलला नेलेली गॅसची नळी, हे लोक दाखवत नाहीत.

जुना डेक काढला तेव्हा खरी भीती वाटली. लेजर फक्त खिळ्यांवर होता. मी मोजले, सोळा. मागची भिंत पाणी मुरून काळी पडलेली, स्क्रू ड्रायव्हर लोण्यात जावा तसा जात होता. त्या फळीवर गेल्या गणपतीत किती जण उभे होते, ते आठवायचं नाही असं आम्ही ठरवलं. भिंतीचा तेवढा भाग बदलण्यात एक आठवडा आणि ३४० डॉलर गेले. नव्या लेजरच्या वर पत्र्याचं फ्लॅशिंग बसवलं, पाणी मागे जाऊ नये म्हणून.

१७ जूनला ऑगर, म्हणजे खड्डे खणायचं यंत्र, भाड्याने आणला, दिवसाला ११८ डॉलर. इथल्या मातीत दोन फुटांखाली लाल शेल हा मऊ खडक लागतो, खरवडला की विटेसारखा भुगा होतो. पाया ३६ इंच खोल हवा, कारण हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि वरचा पाया उचलते. बाबांना हे नवीन होतं. कराडला जमीन गोठायचा प्रश्न येत नाही, काळी माती मात्र पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ‘म्हणजे आपल्याकडे पाण्याने, तुमच्याकडे बर्फाने,’ असा त्यांनी निकाल दिला. दोन खड्डे दुपारपर्यंत झाले. केबलजवळचा तिसरा हाताने, पहारीने, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

आता काँक्रीट ओतायचं नाही, तपासनीस खड्डे बघून जाईपर्यंत. सोमवारी १९ जून, जूनटीन्थची सुट्टी. मंगळवारी फोन केला, शुक्रवारची वेळ मिळाली. गुरुवारी रात्री पाऊस. शुक्रवारी सकाळी तपासनीस आला, टेप खाली सोडला, बघितलं आणि मान हलवली. तळाशी चिखल आणि सुटी माती, शिवाय तिसरा खड्डा ३३ इंच. लाल स्टिकर.

मला वाईट वाटलं, नवऱ्याला राग आला. बाबा मात्र खुर्ची घेऊन बसलेले, ते म्हणाले, ‘पाया भरायच्या आधी साहेब बघून गेला आणि एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, नोंद झाली, की मगच आम्ही पुढे जायचो. न बघता सही करणारा साहेब मिळाला की आम्हाला जास्त भीती वाटायची.’ फेरतपासणीचे आमच्याकडे पैसे लागत नाहीत. खड्डे पुन्हा साफ केले, तिसऱ्यात पहारीने आणखी चार इंच काढले आणि या वेळी वर प्लायवूड झाकून विटा ठेवल्या. २८ जूनला पास. १ जुलैला ८० पौंडी २१ पोती काँक्रीट. ज्यांचं वय चाळिशीच्या पुढे आहे त्यांनी पोती घरपोच मागवावीत.

जुलैचं काम मजेचं होतं. खांब, तुळई, लेजर, आणि जॉइस्ट म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या कड्या. चौकट गुण्यात आहे का बघायला बाबांनी तीन-चार-पाचचा माप लावला. एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४, तिरकं ५ भरलं की कोन काटकोन. नवऱ्याकडे लेझरचं यंत्र होतं. दोन्ही उत्तरं जुळली तेव्हा दोघेही थोडे हिरमुसले.

चौकट झाली की दुसरी तपासणी, फळ्या ठोकायच्या आधी. ही पायरी चुकवून लोक फळ्या ठोकतात आणि मग काढाव्या लागतात. २८ जुलैला तपासनीस आला, तोच. जॉइस्ट ज्या धातूच्या खोबणीत बसतात त्या हँगरमध्ये आम्ही काही ठिकाणी साधे डेकचे स्क्रू मारले होते. ते चालत नाहीत, कारण ते ठिसूळ असतात, आडव्या भाराने कडकन तुटतात. हँगरच्या उत्पादकाने सांगितलेले जाड खिळेच हवेत, तेही जस्त चढवलेले, कारण आजकालच्या प्रक्रिया केलेल्या लाकडात तांबं असतं आणि साधं लोखंड त्यात लवकर गंजतं. तो थांबतो म्हणाला. नवऱ्याने त्याच्यासमोर छत्तीस स्क्रू काढून खिळे मारले. आईने त्याला लिंबाचं सरबत दिलं. त्याने घेतलं नाही, कामावर असताना काही घ्यायची परवानगी नाही म्हणाला, आणि आईला ते फार आवडलं. हिरवा स्टिकर.

फळ्या, कठडा आणि पायऱ्यांना ऑगस्ट गेला. डेक जमिनीपासून ४० इंच उंच आहे. ३० इंचांच्या वर गेलं की कठडा लागतो, तो किमान ३६ इंच उंच, आणि गजांमधून ४ इंचांचा चेंडू जाता कामा नये, म्हणजे लहान मुलाचं डोकं अडकत नाही. भाचीच्या सॉफ्टबॉलने आम्ही सगळे गज तपासले. तो बॉल चार इंचांपेक्षा जरा लहान असतो, म्हणून तो अडला की आम्ही निश्चिंत.

५ सप्टेंबरला अंतिम तपासणी. चेंडू पास, कठडा पास, हाताने ढकलून बघितला. मग तो पायऱ्यांकडे वळला, प्रत्येक पायरीला टेप लावला, आणि शेवटच्या पायरीशी थांबला. सगळ्या पायऱ्यांच्या उंचीत जास्तीत जास्त तीन अष्टमांश इंच, म्हणजे एक सेंटीमीटरहून किंचित कमी, एवढाच फरक चालतो. आमची शेवटची पायरी एक इंचाने उंच होती. पायऱ्या बसवताना जमीन जशी होती तशी आम्ही धरली होती, नंतर खालची माती बसली. दुसरं म्हणजे जिन्याच्या कठड्यावर आम्ही आडवी रुंद फळी टाकली होती. चारपेक्षा कमी चढ असते तर चाललं असतं, आमचे सहा आहेत, तेव्हा हाताच्या मुठीत धरता येईल असा गोल दांडा हवा.

बाबा सकाळपासून गप्प होते. तपासनीस गेल्यावर म्हणाले, ‘शेवटची पायरी मी बघायला हवी होती. कराडच्या विश्रामगृहाच्या जिन्याला हेच झालं होतं.’ खाली दगडी फरशी बसवून उंची सारखी केली, दांडा ५८ डॉलरला आणला. १२ सप्टेंबरला पास. १५ला सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल ईमेलने आलं, कागदी प्रत मी जाऊन आणली.

एकूण खर्च असा झाला. फिया ३१२ डॉलर. लाकूड ३,१५०, हँगर-स्क्रू-खिळे ६४०, काँक्रीट १४०, भिंतीची दुरुस्ती ३४०, ऑगर आणि इतर भाडं २६०, फ्लॅशिंग, दांडा, फरशी वगैरे किरकोळ ३१०. सगळं मिळून ५,१५२. पोहे धरलेले नाहीत.

आता मागे बघितलं तर थांबण्यातले बरेच दिवस आमच्याच कागदांमुळे गेले. प्रिंटरचं प्रमाण, शेड, पायाचा व्यास, पाऊस. खिडकीपलीकडच्या माणसांनी प्रत्येक वेळी त्यांच्या मुदतीत उत्तर दिलं, फक्त ते उत्तर मला हवं ते नसायचं. दर वेळी मी फोन करून विचारलं, ‘याचं नेमकं काय दाखवू म्हणजे चालेल?’ हा प्रश्न ईमेलपेक्षा काउंटरवर जाऊन विचारावा, आणि सकाळी. दुपारी सगळे तपासनीस बाहेर असतात.

१९ तारखेला गणपती बसले. आरतीनंतर लोक डेकवर गेले आणि मी आत स्वयंपाकघरातून मोजत राहिले. तेवीस. बाबा दाराशी उभे राहून पाहुण्यांना खालची पायरी बघायला सांगत होते.

ऑक्टोबरच्या शेवटी करनिर्धारकाचं पत्र आलं. डेकमुळे घराचं मूल्यांकन थोडं वाढलं, उरलेल्या महिन्यांचा जास्तीचा कर ४१ डॉलर. ते पत्रही जॅकेटमध्येच लावून ठेवलं आहे.